हिरवं कपाट आणि चौथी पायरी

मागच्या महिन्यात एका सकाळी केडगावच्या वळणावर उसाचा ट्रॅक्टर पुढं आणि माझी स्कूटी मागं, असं पंधरा मिनिटं चाललं होतं. दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीला लाल फडकं, टेपवर कसलंतरी गाणं मोठ्यानं लावलेलं. पुढं काढायची सोय नाही. तेवढ्यात मागच्या ट्रॉलीतून उसाचं एक कांडं घसरून माझ्या चाकापुढं पडलं. एरवी मी त्या ड्रायव्हरला गाठून चार शब्द सुनावले असते. मी तशी तोंडाची फटकळच आहे. पण त्या दिवशी मी स्कूटी बाजूला घेतली, ते कांडं उचललं आणि पायापाशी ठेवून घरी आणलं. खाल्लं नाही, तेवढे दात राहिलेत कुठं. ओट्यावर पडून होतं. दोन दिवसांनी कामाच्या मावशींनी विचारलं, "मॅडम, हे टाकू का?" मी नको म्हटलं. त्यांनी त्याच्या भोवतीनं ओटा पुसून घेतला.

गळीत हंगाम सुरू झाला की माझं हे असं होतं. दिवाळीची पणती विझते, सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटते, आणि रस्त्यावर चेंगरलेल्या उसाचा तो गोड, आंबूस वास यायला लागतो. मग महिनाभर मला घरात करमत नाही आणि बाहेरही करमत नाही. लोक म्हणतात, बाई एकटी राहते, वय झालं, त्यामुळं असेल. असेलही. पण वय झालं नव्हतं तेव्हाही असंच व्हायचं.

नव्वदीच्या मधल्या कुठल्यातरी वर्षीचा तो हंगाम. मी चोवीस-पंचवीसची. पुण्याहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा घेऊन आलेली आणि जिल्ह्यातल्याच एका साखर कारखान्यात नोकरीला लागलेली. केडगावहून एसटीनं नगर, नगरहून दुसऱ्या एसटीनं मिरजगावच्या बाजूला, आणि फाट्यावरून कारखान्याच्या जीपनं. रोज येणं-जाणं शक्य नव्हतं, म्हणून कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. अख्ख्या कारखान्यात एकटीनं राहणारी बाई मी एकच. नाव कुणी घ्यायचं नाही. 'कॉम्प्युटरबाई' म्हणायचे.

कॉम्प्युटरची खोली एमडी साहेबांच्या केबिनला लागून होती. कारखान्यात एसी दोनच, एक साहेबांना आणि एक कॉम्प्युटरला. दारावर पाटी मीच लावली होती, 'चपला बाहेर काढाव्यात'. धुळीनं मशीन बिघडतं असं आम्हाला शिकवलं होतं. आता आठवलं की हसू येतं, पण तेव्हा आम्ही ते फार मनावर घ्यायचो. कारखान्यातल्या माणसांच्या पायाला ग्रीस, अंगावर बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, भुकटी. ती दाराशी यायची, पाटी बघायची, आपल्या पायांकडं बघायची आणि बाहेरूनच कागद पुढं करून परत जायची. देवळात निदान माणसं आत तरी येतात. माझ्या खोलीत दिवसभर पंख्यासारखा घुमणारा आवाज आणि मी.

संध्याकाळी क्वार्टरवर गेलं की तिथंही तसंच. शेजारच्या बायका चांगल्या होत्या, पण त्यांचं बोलणं दोन प्रश्नांवर येऊन थांबायचं. लग्न का नाही केलं, आणि कॉम्प्युटरला पत्रिका बघता येते का. धुतलेले कपडे बाहेर वाळत घातले की चिमणीतली काजळी त्यांवर उतरायची. पांढरा दुपट्टा त्या वर्षी मी वापरलाच नाही. रविवारी फाट्यावरच्या एसटीडी बूथवर जाऊन आईशी बोलायचं. मागं रांग असायची, त्यामुळं बरी आहे, जेवते, थंडी आहे, एवढंच सांगून व्हायचं. रडू आलं तर बूथच्या काचेतून सगळ्यांना दिसायचं, म्हणून मी रडायची नाही.

मी तिथं नेमकं काय करत होते, तेही सांगते. पुण्याहून एक सल्लागार आले होते. त्यांनी बोर्डरूममध्ये फळ्यावर चार पायऱ्यांचा जिना काढला. पहिल्या पायरीवर प्रत्येक खात्याचा आपापला कॉम्प्युटर, एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही. दुसऱ्या पायरीवर एका खात्याची माहिती फ्लॉपीत घालून दुसऱ्याकडं न्यायची. तिसऱ्या पायरीवर सगळी मशीनं वायरनं जोडायची. आणि चौथी पायरी म्हणजे एकानं एकदा लिहिलं की सगळ्यांना तेच दिसणार आणि साहेब तेच बघून निर्णय घेणार. ईआरपी हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. संचालक मंडळी पांढऱ्या कपड्यांत बसली होती. त्यांच्यातल्या एकांनी विचारलं, "चौथ्या पायरीला किती दिवस लागतील?" सल्लागारांनी माझ्याकडं बोट केलं. म्हणाले, "यांच्यावर आहे." मला एवढा अभिमान वाटला की त्या दिवशी मी दोनदा चहा प्यायले.

हंगामाच्या सुरुवातीला आम्ही दुसऱ्या पायरीवर होतो, आणि आता वाटतं तेच माझे दिवस बरे होते. सकाळ-दुपार फ्लॉपीचा डबा घेऊन मी कारखानाभर हिंडायची. आधी वजनकाट्यावर. तिथं उसाच्या गाड्यांची रांग, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, वाढ्याचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा, हिरवा वास. मग शेतकी ऑफिस, मग लॅब, आणि शेवटी स्टोअर. प्रत्येक ठिकाणी फ्लॉपी भरेपर्यंत पाच-सात मिनिटं लागायची. तेवढ्यात कुणी गावाकडचं सांगायचं, कुणी हातावर शेंगा ठेवायचं. स्टोअर मी मुद्दाम शेवटी ठेवायची, कारण तिथं साळवेमामा होते.

साळवेमामा स्टोअरकीपर. पन्नाशी उलटलेले, बारीक अंगाचे, नाकावर घसरलेला चष्मा. नगरच्या मिशनच्या शाळेत शिकलेले, त्यामुळं अक्षर असं की रॅकवर टांगलेली त्यांची बिन कार्डं वाचत उभं राहावं. किती नग आले, किती गेले, किती उरले, सगळं निळ्या शाईत. बोलणं मात्र गावाकडचं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "जेवली का पोरी?" त्या कारखान्यात मला हे विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. मी खोटंच हो म्हटलं, आणि त्यांनी डबा उघडून अर्धी बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी कागदावर काढून दिली. "मामीला सांगतो उद्यापासनं एक भाकरी जास्तीची टाक म्हनून," म्हणाले. आणि खरंच दुसऱ्या दिवसापासून डब्यात एक भाकरी जास्तीची असायची.

माझ्या खोलीत येणारेही तेच एकटे. दाराशी बूट काढायचे, मोजे काढायचे, मोजे बुटात नीट खोचायचे आणि अनवाणी आत यायचे. "लई गार लावलंय," म्हणत हात चोळायचे. मशीनकडं बघायचे नाहीत. माझ्याकडं बघून बोलायचे.

डिसेंबरात वायर आली. काळी, करंगळीएवढी जाड. मी स्वतः टेबलांखाली रांगत, भिंतीच्या कडेनं, गटारीच्या झाकणावरून ती काट्यापासून स्टोअरपर्यंत ओढून घेतली. त्या वायरीची एक खोड होती. मध्ये कुठंही एकाची पिन निघाली की सगळ्यांचीच मशीनं बंद. मग लॅबमधून काट्यावर आणि काट्यावरून स्टोअरमध्ये फोन, तुमची पिन बघा, तुमची पिन बघा. पण एकदा लागली की झालं. एका खोलीत बसून मला सगळं दिसायला लागलं. फ्लॉपीचा डबा कपाटात गेला. आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की मी आता कुठं जात नाही. जायला कारणच उरलं नव्हतं. अख्खा कारखाना मी जोडला आणि त्यातून मीच तेवढी सुटून बाजूला पडले. आईला सांगितलं तर म्हणाली, "पायपीट तरी वाचली." तिला काय सांगणार.

त्या वर्षी नाताळला मामांनी घरी बोलावलं. कॉलनीच्या टोकाचं त्यांचं क्वार्टर. दारात पतंगाच्या कागदाची चांदणी, मामींनी पातेल्यात वाळू घालून त्यावर भाजलेला केक, परातभर करंज्या. त्यांची लेक सासरहून आली होती. जेवणाआधी सगळ्यांनी डोळे मिटले आणि मामांनी प्रार्थना केली. मिलमध्ये ऊस टाकतात त्या गव्हाणीपाशी काम करणाऱ्यांना सांभाळ म्हणाले, बॉयलरवरच्यांना सांभाळ म्हणाले, आणि मग म्हणाले, "आमची ही कॉम्प्युटरवाली पोर घरापासनं लांब हाय, तिला बी सांभाळ." मी डोळे उघडून बघितलं तर त्यांचे मिटलेले होते. परत येताना मामींनी करंज्यांचा डबा हातात दिला, आणि त्या दिवशी मी पोटभर रडून घेतलं. दुःखानं नाही, बरं वाटून.

जानेवारीत स्टोअरची मोजणी लागली. चौथ्या पायरीला जायचं तर स्टोअरमधली एकूण एक वस्तू मशीनमध्ये हवी. मी मशीन तिथंच नेऊन ठेवलं. मामा वस्तू उचलून सांगायचे, मी टाईप करायची. आठ दिवस लागले. शेवटच्या दिवशी दुपारी मी विचारलं, "मामा, राहिलं नाही ना काही?"

त्यांनी हातातलं कार्ड रॅकवर परत टांगलं. मग कोपऱ्यातल्या हिरव्या लोखंडी कपाटाकडं मान केली. "ते ऱ्हायलंय. पन ते कशातच न्हाई."

"कशातच म्हणजे?"

"लेजरात न्हाई, कार्डावर न्हाई. हाय, पन न्हाई."

गोष्ट अशी होती. ऑफ सीझनला मशिनरी खोलली की फिटर स्टोअरमधून चार बेअरिंगं न्यायचा. तीन लागायची, एक उरायचं. नियमानं ते परतीची चिठ्ठी भरून जमा करायचं. पण तसं केलं की पुढच्या वर्षी खरेदी खातं म्हणणार, तुम्हाला तीनच लागतात, तीनच घ्या. मग ऐन हंगामात चौथं लागलं तर मिल बंद, आणि नवं यायला आठवडा. म्हणून उरलेली वस्तू चिठ्ठीशिवाय मामांच्या कपाटात जायची. कागदावर ती लागलेली असायची. कुठं अडलं की फिटर धावत यायचा, मामा कमरेची किल्ली काढायचे आणि अर्ध्या तासात मिल चालू. वीस वर्षं हे चाललं होतं. मिलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि ऑफिसात कुणी विचारलं नव्हतं.

"हे लिहावं का पोरी?" मामांनी विचारलं. "तू म्हनशील तसं."

मी क्षणभरही विचार केला नाही. म्हटलं, "मामा, एक जरी वस्तू बाहेर राहिली तर सगळी जोडणी खोटी. लिहायलाच पाहिजे."

"लिवलं तर मला कुनी काय म्हननार न्हाई ना?"

"कोण काय म्हणणार? उलट कौतुक होईल तुमचं."

हे मी म्हटलं होतं. याच शब्दांत.

त्यांनी कपाट उघडलं. आत सगळं तेलाच्या कागदात गुंडाळून ओळीनं मांडलेलं. ते एकेक वस्तू काढायचे, हातात तोलायचे आणि तिची हकीकत सांगायला लागायचे. "हा पितळी बुश. यादव फिटरनं आनून दिला, त्याच्या लेकीच्या हळदीच्या दिवशी. हळद लागायला बसलीया आन ह्यो हातात बुश घिऊन माझ्या दारात." मग चेनच्या दोन कड्या, त्यांची वेगळी कथा. मग बॉयलरची काचेची नळी, एका लहान मुलाच्या स्वेटरच्या बाहीत घातलेली. "माझ्या लेकीच्या स्वेटरची बाही हाय. फुटू ने म्हनून."

मला घाई झाली होती. पडद्यावर तीनच रकाने होते, नंबर, नाव, नग. तपशिलाचा चौथा रकाना मी आधी ठेवला होता आणि नंतर काढून टाकला होता, कारण त्या काळी डिस्कवर जागाच किती असायची. मी म्हटलं, "मामा, नुसते नग सांगा. हे बाकीचं मशीनला कळत नाही."

ते थांबले. रागावले नाहीत. म्हणाले, "मशीनला न्हाई कळत, पन तुला सांगून ठिवतो. एखाद्याला तरी ठाऊक असावं." आणि सांगत राहिले. मी पडद्याकडं बघत टाईप करत राहिले. हं हं म्हणत होते मी. संध्याकाळी कपाट रिकामं झालं आणि मशीन भरलं.

चौथ्या पायरीची बैठक जानेवारीअखेर झाली. एमडी साहेब, संचालक, पुण्याचे सल्लागार. मी एक खास यादी तयार केली होती. खरेदी आणि स्टोअर जोडले गेले की ज्या वस्तूंची कुठं आवकच नाही पण शिल्लक आहे, त्या आपोआप वेगळ्या निघतील अशी. माझी हुशारी दाखवायला केली होती. त्यात काय येणार हे मला कळायला हवं होतं, पण माझ्या डोक्यातच आलं नाही. प्रिंटर करकर करत कागद ओकायला लागला आणि पानंच्या पानं निघाली. सगळं हिरवं कपाट.

साहेबांनी ती पानं उलटली. म्हणाले, "कामावर लागलं म्हणून दाखवायचं आणि मागं ठेवायचं. कशासाठी? बाहेर विकायला?" मामांना बोलावणं गेलं. ते आले, दाराशी बूट काढले, मोजे काढले, अनवाणी उभे राहिले. त्यांनी सांगायचा प्रयत्न केला. पण कोणती वस्तू कधीची, कुणी दिली, कागद कुठाय, असं विचारल्यावर ते गडबडले. साहेब माझ्याकडं वळले. "हे मशीन चुकत तर नाही ना?"

मामा माझ्याकडं बघत होते. साहेबांकडं नाही, माझ्याकडं. बोलायला एवढंच हवं होतं, सर, हे कपाट त्यांनी स्वतः होऊन मला दाखवलंय, प्रत्येक वस्तूची हकीकत सांगितलीय, मी ऐकलीय. एवढंच. पण माझ्या मनात आलं, मी असं बोलले तर हे म्हणतील, ही आधीपासून सामील होती. आणि सल्लागार नुकतेच माझं कौतुक करून बसले होते. ते कौतुक मला सोडवेना. लाज वाटते, पण खरं तेच आहे.

मी म्हटलं, "नाही सर. सिस्टिम बरोबर आहे."

चौकशी महिनाभर चालली. चोरी काही सापडली नाही, कारण नव्हतीच. पण चोरी नाही असंही कुणी लिहून दिलं नाही. मामांच्या सर्व्हिस बुकात 'संशयास्पद साठा' असं लाल शाईत पडलं आणि त्यांची बदली ऊसयार्डात, गाड्यांना नंबराचं टोकन द्यायच्या खिडकीवर झाली. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. कपाटातला माल खोक्यात भरून, सील करून प्रशासनाच्या खोलीत ठेवला. माझ्या दाराबाहेर त्यानंतर कुणाचे बूट दिसले नाहीत. डबा मी मागायला गेले नाही, आणि आला असता तर कोणत्या तोंडानं खाल्ला असता.

मार्चात एका सकाळी मिल थांबली. कारखान्यात राहणाऱ्याला तो आवाज ऐकू येत नसतो, तो थांबला की ऐकू येतो. सगळी कॉलनी दारात आली. पंपातला एक भाग गेला होता. माझ्या पडद्यावर तो होता, शिल्लक एक. पण तो एक सीलबंद खोक्यात होता, खोलीला कुलूप होतं आणि किल्लीवाले अधिकारी त्या दिवशी पुण्याला गेले होते. सील तोडायची हिंमत कुणाला होईना. यार्डात गाड्यांची रांग फाट्यापर्यंत गेली. शेवटी यादव फिटर टोकनच्या खिडकीवर गेला. मीही मागं उभी होते.

"मामा, बघा की जरा. असंल तुमच्याकडं एखादा."

मामा टोकनं लावत होते. मान वर न करता म्हणाले, "माझ्याकडं आता काय न्हाई यादवराव. समदं कॉम्प्युटरात हाय."

ते टोमण्यानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं जसं होतं तसं सांगत होते. किल्लीवाले अधिकारी पुण्याहून परतले, सील तुटलं, तेव्हा कुठं मिल संध्याकाळी सुरू झाली.

मी त्या उन्हाळ्यात नोकरी सोडली. पुढं पुण्यात वीस-बावीस वर्षं मी हेच काम केलं. कंपन्यांमागून कंपन्या चौथ्या पायरीला नेऊन पोचवल्या. माझं नाव झालं. प्रत्येक ठिकाणी मी एक तपशिलाचा रकाना ठेवायची, लांबलचक, हवं ते लिहायला. माझ्या हाताखालची मुलं म्हणायची, "मॅम, हे फील्ड कुणी भरतच नाही. काढून टाकू?" मी कधी काढू दिलं नाही. त्यात माणसं एक रेघ ओढतात आणि पुढं जातात. कधी पूर्णविराम टाकतात. बावीस वर्षांत त्या रकान्यात मी एकही हकीकत वाचली नाही. मुलांना वाटायचं, बाईंचं खूळ आहे. लग्न राहून गेलं, ते जाणूनबुजून नाही, राहून गेलं. आई गेल्यावर केडगावला परत आले. मामा गेल्याचं मला तीन वर्षांनी कळलं, तेही नगरच्या बसस्टँडवर, यादव फिटरकडून.

पण नोकरी सोडायच्या आधी मी एकदा मामांकडं गेले होते. हंगामाचा शेवटचा दिवस. एप्रिलचं ऊन, यार्ड जवळजवळ मोकळं, वाळलेलं पाचट वाऱ्यानं इकडून तिकडं. शेवटच्या चार-दोन बैलगाड्या येत होत्या, बैलांच्या शिंगांना फुगे, गाडीवानांच्या अंगावर गुलाल. मामा खिडकीत बसले होते. खिडकीची जाळी आमच्या मध्ये.

मी म्हटलं, "मामा, माझं चुकलं. मी आज साहेबांकडं जाते. सगळं लिहून देते. तुम्ही मला एकेक वस्तूची हकीकत सांगितली होती, मी साक्षीला आहे."

त्यांनी चष्मा वर सरकवला. त्यांच्या तोंडावर खरोखर उजेड आला. तो मी विसरले नाही. "व्हय," म्हणाले, "तुला सांगून ठिवलंच हुतं की मी. लिहून दे. वहीबिही न्हाई माझ्याकडं, माझं बी आता इकडचं तिकडं व्हतं. पन तुला समदं सांगितलं हुतं. सांग बरं एकदा, बघू."

"पितळी बुश," मी म्हटलं. "यादव फिटरचा. लेकीच्या हळदीचा."

"बरोबर."

"चेनच्या दोन कड्या." त्यांची कथा मात्र आठवेना.

"बरं. फुडं?"

"काचेची नळी. स्वेटरच्या बाहीतली."

"फुडं?"

मी जाळीला धरून उभी होते. कपाटाचे सगळे खण मला डोळ्यांसमोर दिसत होते, तेलाचे कागद दिसत होते, मामांचे हात दिसत होते. आवाज मात्र एकही येत नव्हता. नंबर सांगितला असता तर मी नग सांगितले असते.

मामांनी थोडा वेळ वाट बघितली. मग म्हणाले, "जाऊ दे पोरी. गाड्या खोळंबल्यात." आणि माझ्या मागं उभ्या राहिलेल्या गाडीवानाकडं टोकन सरकवलं. मी बाजूला झाले. साहेबांकडं गेले नाही. काय सांगणार होते जाऊन.

ते कांडं अजून ओट्यावर आहे. वाळून हलकं झालंय. आज सकाळी मावशींनी पुन्हा विचारलं, "मॅडम, एवढं काय आहे ह्या कांड्यात?" मी त्यांना पाटावर बसवलं, चहा दिला आणि सांगायला लागले. पितळी बुश, यादव फिटर, लेकीची हळद. मावशी पदर सावरून नीट ऐकत होत्या. स्वेटरच्या बाहीपर्यंत आले आणि थांबले.

"मग पुढं?" मावशींनी विचारलं.

"पुढचं मी ऐकलं नव्हतं," मी म्हटलं.